उजवा खांदा

शाळेच्या मैदानात लष्कराची चिलखती टेहळणी गाडी बघायला ठेवली होती. चालकाच्या जागेवर सगळ्यात आधी मीच घुसले! बाबा एकेकाळी हीच गाडी चालवायचे. रेडिओ बंद पडला की वर उभे असलेले साहेब बुटाने त्यांचा खांदा दाबायचे. डावा दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे.

शेवटच्या टेहळणीत बाबा उजवीकडे वळले. समोरून गोळी आली आणि साहेब गेले. साहेबांनी डावा खांदा दाबला असणार, आपणच खूण ओळखायला चुकलो, असं बाबा नऊ वर्षं मनाशी धरून बसलेत.

"बाबा, वरून बुटाने दाबायची चेष्टा पुरे हं! खांदा दुखतोय," मी ओरडले.

बाबा तर गाडीबाहेर, माझ्यासमोर उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोणता खांदा, बाळा?"

"उजवा."

माझ्या खांद्यावरचं ओझं अलगद उचललं गेलं.