सेबल शेडचा लॉट

"हा लॉट परत," असं म्हणून दिपालीने कापडाच्या ताक्यावर खडूने फुली मारली.

केसरीनाथ शेजारीच उभा होता. नारपोलीच्या त्या डाइंग कारखान्यात तीस वर्षं रंग तोच तयार करायचा. आणि कालची ही चेकर पोर त्याच्या मालावर फुली मारते!

"काय खोट हाय ते सांग."

"शेड जुळत नाही, काका."

"कुठं जुळत न्हाय?"

दिपालीने ताका उलटा करून ठेवला. मशीनवरचे दोघंही खाली बघायला लागले.

माल घेणाऱ्या पार्टीने सेबल शेड मागितली होती. हे नाव केसरीनाथने पहिल्यांदाच ऐकलं, तेव्हा दिपालीनेच त्याला मोबाइलवर फोटो दाखवला होता. सेबल म्हणजे बर्फाळ मुलखातलं मुंगसासारखं जनावर. लोक त्याची कातडी सोलून कोट शिवतात. त्याच्या दाट केसांवरूनच या काळपट तपकिरी रंगाला नाव पडलेलं.

"त्या जनावराला तू तरी पाह्यलंस काय? मोबाइल बघून मना शिकवतेस?"

"राहू द्या ना, काका. पुढच्या शिफ्टला मी परत रंगवून घेते. शेठला कळणारही नाही."

केसरीनाथचा पारा चढला. लपवायला त्याने काय चोरी केली होती? त्याने ताका खांद्यावर टाकला, पार्टीच्या नमुन्याचं शेड कार्ड उचललं आणि थेट अंगणात, उन्हात जाऊन उभा राहिला.

"भाविकशेठ, भायेर या!"

शेठ आले. त्यांनी कापड पाहिलं, मग मागोमाग आलेल्या दिपालीकडे पाहिलं.

"मास्टर, उन्हात कशाला? चला, चहा घेऊ."

"चहा नको, न्याय पायजे!"

सगळे मिळालेले. म्हातारा झाला म्हणून काढायचं असेल तर तोंडावर सांगा की! त्याने कार्ड कापडावर ठेवलं. त्याला तसूभर फरक दिसेना.

फाटकापाशी गंगू गोधडीसाठी चिंध्या वेचत होती. केसरीनाथने तिला हाक मारली.

"गंगूबाई, तू जा," दिपाली घाईघाईने म्हणाली.

"का जाईल? तिला ना तुझं देणं, ना माझं. तीच सांगंल." त्याने कापड गंगूपुढे धरलं. "बघ, हा कार्डावरचा रंग, हा माझा. हाय काय फरक?"

गंगूने लुगड्याला हात पुसले. कापडावरून मायेने बोटं फिरवली.

"कार्डावरचा तपकिरी न्हाय आवडला मना," ती म्हणाली. "पन तुमचा ह्यो निळा लय बेस उठलाय, दादा."