तीन तासांचं खोकं
नातीचं बारसं झालं त्या वर्षीची गोष्ट. सुब्बाराव कारखान्यात मालट्रकसारख्या हादरणाऱ्या टेबलावर खोकी ठेवून आतला माल प्रवासात टिकेल का, ते तपासत. बारशादिवशी सर्पविषावरच्या औषधाच्या कुप्यांचं नवं खोकं तीन तास हादरवायचं होतं. बायकोचा, तुंगाबाईंचा फोन आला, “अहो, टेबल काय हलवताय? इथे पाळणा हलवायचाय!” त्यांनी तासाभरात टेबल थांबवलं, कागदावर तीन तास लिहिले. तशीच खोकी गावोगाव गेली. दसऱ्याला येलहंक्याच्या घरामागच्या परसात फुलं तोडताना तुंगाबाईंना नाग चावला. दवाखान्यात नर्सने खोकं आणलं. सुब्बारावांनी ते दारात दिसताच ओळखलं. आतून काच किणकिणली, तसे ते ओरडले, “दुसरं आणा, अक्का!” “एवढंच आहे, अण्णा.” झाकण निघेपर्यंत त्यांनी खाटेचा कठडा सोडला नाही. दहांतल्या तीनच कुप्या धड होत्या. “थरथरताय काय हो?” तुंगाबाई म्हणाल्या. “तीन पुरतील की!” तुंगाबाई त्याच दसऱ्याला, दिवेलागणीला वारल्या.