दिनविशेषाचा फळा

शाळेच्या दारातल्या फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात पडलं होतं, अक्षर मोत्यासारखं म्हणून. आधी त्या तारखेच्या जुन्या घटना, मग जन्म, शेवटी मृत्यू.

गेल्या सोमवारी मृत्यूच्या यादीत त्यांच्याच अक्षरात एक नाव जास्तीचं निघालं. शिपाईमामांचं. "मामा, तुम्हाला जिवंतपणीच पोचवलं की हो!" म्हणत बाईंनी हसत हसत ते पुसलं. ते पुन्हा उमटलं. मधल्या सुट्टीत मामा पाण्याच्या टाकीवरून पडले आणि जागीच गेले.

आज त्या जागी बाईंच्या मुलाचं नाव होतं.

बाईंनी ओल्या फडक्याने पुसलं. फळा वाळला तसं नाव वर आलं. त्यावर त्यांनी कुठल्याशा जुन्या राजाचं नाव लिहून पाहिलं. त्याची भुकटी होऊन गळली, खाली मुलाचं नाव तसंच. मेलेलं माणूस फळ्याला नको होतं.

"बाई, आज माझा वाढदिवस!" मागून पाचवीतली चिमणी ओरडली. दरवर्षी तिचा हाच हट्ट. "जन्माच्या खाली माझं नाव लिहा ना!"

"आधी मोठी हो, मग लिहू," असं म्हणून बाई एरवी तिला पिटाळायच्या.

प्रार्थनेची घंटा झाली. बाईंनी मुलाचं नाव पुन्हा एकदा पुसलं आणि फळा वाळायच्या आत खडू उचलला.

"लिहिते हं, राणी," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाव सांग."