पडद्यामागची जागा

"त्या सिनेमातला राजा डावखुरा होता," मागच्या सीटवरून आई म्हणाली. जत्रेच्या रस्त्याला लागल्यापासून दोघं यावरच भांडत होते.

"उजव्याच हातानं तलवार चालवायचा. चार जत्रांत पाहिलाय मी!" बाबा म्हणाले.

माळावर यंदाही तंबूतला सिनेमा आला होता, आणि नेमका तोच लागला होता. दिवेलागणीला पडदा वाऱ्यानं फुगला. बाबा पुढं बसले. आई मात्र जुन्या सवयीनं पडद्यामागं गेली. तिच्या लहानपणी बायकांना तिकडंच बसवायचे. तिथून चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं.

मध्यंतरानंतर बाबांची जागा रिकामी दिसली. मी पडद्यामागं गेले. ते आईशेजारी धुळीत मांडी घालून बसले होते. दोघांच्या चेहऱ्यांवर निळसर उजेड हलत होता.

राजानं तलवार उपसली.

"डावखुराच आहे गं," बाबा हळूच म्हणाले.