मागचं चाक

प्रीतमनं पान्यावर दगड हाणला. नट फिरला, पण त्याच्यासोबत चाकातला अख्खा एक्सलही फिरला आणि सुटलं काहीच नाही. त्यानं पुन्हा दगड हाणला.

रूपल कंपनीचा निळा शर्ट घालून, डबा पिशवीत टाकून ओट्यावर उभी होती. पहिल्या पाळीची वेळ होत आली होती. घिवलीहून बोईसरच्या औषधांच्या कंपनीत ती रोज याच मोटरसायकलवरून जायची. गाडी चालवायला तिला लग्नानंतर प्रीतमनंच शिकवलं होतं. आज ती बाहेर आली तेव्हा त्यानं गाडी मेन स्टँडवर चढवली होती आणि तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. पंक्चर झालंय का, असं तिनं विचारलं. चाक काढून ठेवतोय, यापुढं तू घरात राहायचं, असं त्यानं वर न बघता सांगितलं.

कारण तिला माहीत होतं. पॅकिंगच्या लाइनवर तिला नुकतंच सुपरवायझर केलं होतं आणि प्रीतमचा शाळेपासूनचा दोस्त दिपेश त्याच लाइनवर होता. काल चालत्या मशिनवर तो मोबाइल बघत बसला. एकदा सांगून ऐकलं नाही, तेव्हा तिनं त्याला अर्ध्या पाळीतून घरी पाठवलं. दिपेश घरी गेलाच नाही. तो नाक्यावर बसून राहिला आणि संध्याकाळी प्रीतम तिथं आल्यावर त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, की तुलापण ती घरी अशीच सुट्टी देते काय. सगळे हसले. प्रीतमही हसला. तेच त्याला जास्त लागलं होतं.

पाना सटकला आणि त्याच्या बोटांची सालटी निघाली. त्यानं गाडीला एक शिवी घातली.

"काय बगतेस? आत जा."

रूपल आत गेली नाही. पिशवी ओट्यावर ठेवून ती अंगणात उतरली. ती भांडायला आली असं वाटून प्रीतमनं पाना घट्ट धरला. पण तिनं नुसता हात पुढं केला.

"द्या इकडं."

आवाज चढलेला नव्हता. तरी त्यानं पाना दिला. बोटांतून रक्त येत होतं, ते त्यानं पँटला पुसलं.

तिनं हत्यारांच्या पिशवीतून दुसरा पाना काढला. एक्सलचं डोकं होतं त्या बाजूला तो बसवून पायानं दाबून धरला आणि पहिला पाना नटाला लावला. केळव्याला बापाच्या वाडीत पाण्याचं इंजिन नेहमी तीच खोलायची. खाऱ्या हवेनं नट गंजून घट्ट बसला होता. तिनं दात आवळून असा हिसका दिला, की गाडी स्टँडवर हलली. नट किंचाळत सुटला. मग ब्रेकचा दांडा सोडवला, एक्सल ठोकून बाहेर ओढला आणि मातीत टाकला. एवढ्या वेळात तिनं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही. तिचे कान मात्र लाल झाले होते.

"गाडी तुमच्या बाजूला वाकवा. नायतर चाक निघनार नाय."

प्रीतमनं सीट धरून गाडी वाकवली. वाकवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण तिचं ऐकतोय. पण सोडली असती तर गाडी तिच्या अंगावर गेली असती. तो तसाच धरून उभा राहिला. तिनं चाक खालून ओढून काढलं, उचललं आणि त्यानं गाडी सरळ करताच त्याच्या छातीशी टेकवलं. त्याला ते दोन्ही हातांनी धरावंच लागलं.

"हे घ्या. तुमाला पायजे होतं ना? चाक तुमचं हाय. पाय माजे हायत."

नळावर तिनं हात धुतले. काळं सगळं गेलं नाही. ओल्या हातानंच पिशवी उचलून ती फाटकाबाहेर पडली आणि टमटमच्या थांब्याकडं चालू लागली.

"गेलीस तर परत येऊ नको!" प्रीतम ओरडला.

रूपल वळली नाही. तिचा वेगही वाढला नाही की कमी झाला नाही.

ओट्याच्या कडेला त्याची आई मंदा मिरच्या निवडत बसली होती. तिनं सगळं बघितलं होतं. चाक घेऊन प्रीतम तिच्याकडं वळला. बघितलंस ना तिची मिजास, असं म्हणाला. आई आपल्या बाजूनं बोलेल याची त्याला खात्री होती.

"परत येऊ नको सांगनारा तू कोन?" मंदा म्हणाली. "घर तिचं पन हाय." मिरचीचं देठ तिनं ताडकन तोडलं. "मला बालवाडीत बाई म्हनून घेतलेलं. पहिल्याच दिवशी तुज्या बापानं माज्या चपला विहिरीत टाकल्या. आनि मी नाय गेले. बसले घरात."

प्रीतमला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. चाकाचं काळं त्याच्या शर्टाला लागलं होतं.

"लाव ते चाक परत," मंदा म्हणाली.

त्यानं गाडीकडं पाहिलं. खाली पडलेल्या नटाकडं पाहिलं.

"मला येत नाय."

"मग बस घेऊन," मंदा म्हणाली आणि मिरच्यांची टोपली उचलून आत गेली.