देव्हाऱ्यातला पेन ड्राइव्ह

अपडेट अर्ध्यावर असतानाच लाइट गेली आणि दूध सोसायटीच्या कॉम्प्युटरमधली चारा छावणीची सगळी माहिती उडाली. कुणाची किती जनावरं, हे तहसीलला कळवल्याशिवाय पुढचा चारा मिळणार नव्हता. चेअरमन सुंदरराव डोकं धरून बसले. “कावून घाबरता, आण्णा? पेन ड्राइव्हवर कॉपी हाय. घरी देव्हाऱ्यात ठिवलीय,” मी म्हणालो. वडवणीच्या उन्हातून पाय ओढत घरी आलो. पेन ड्राइव्ह देवांच्या रांगेत होता, हळदीकुंकवानं माखलेला. उचलला तर त्याच्या तोंडातून पाणी ठिबकलं. “माय, ह्याला पानी कुनी घातलं?” तिनं रिकामी घागर कोपऱ्यात ठेवली. “मीच. टँकर येईना, म्हनून देवाची आंघोळ कवाच बंद केली. ह्याला मातर रोज पळीभर पानी घालते. तूच म्हनला व्हतास ना, समद्या गावाची जित्राबं ह्याच्यात हायती.”