ओढ्याच्या अलीकडचं गाव

आडाजवळचं ते एक घर अजून कोरंच होतं.

सिंधुबाई नकाशापुढं खुर्ची ओढून सकाळपासून बसल्या होत्या. भिंतीवर लांबलचक कागद आणि त्यावर भूकंपाआधीचं सगळं गाव. वेस, मारुतीचा पार, आड, वाण्याचं दुकान, शाळा. ओढ्याशी कागद संपत होता. दोनशे बारा घरं. दोनशे अकरा चौकोनांत नावं लिहून झाली होती.

उद्या भूकंपाचा दिवस. नवं गाव या खोलीपुढं जमणार आणि रामलिंग घरोघरच्या गेलेल्या माणसांची नावं वाचणार. या घरापाशी तो थांबेल आणि पुढच्या घराकडं जाईल. ते पुढं जाणं बाईंना सोसवणार नव्हतं.

त्या घरातली सून त्यांना रोज दिसायची. शाळेला निघालं की ओसरीवरून हाक यायची, "बाई, च्या घिऊन जावा!" बाई म्हणायच्या, "उद्या येते गं." कर्नाटकाकडून आलेलं नवं बिऱ्हाड, जेमतेम चार महिने राहिलं. त्या पहाटे घरातलं कुणीच वाचलं नाही. तिचं हसणं बाईंना आठवत होतं, नाकातली चमकी आठवत होती. नाव मात्र कधी विचारलंच नव्हतं.

'जुनं गाव मंडळ' म्हणजे सात म्हातारी माणसं आणि शाळेनं दिलेली ही खोली. सहा वर्षं ती सगळी उन्हातान्हात हिंडली. लातूर झालं, नांदेड झालं, पुण्याला फोन झाले. नकाशातल्या एकूणएक घरातलं वाचलेलं माणूस गाठून झालं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आता ऱ्हाऊ द्या बाई," रामलिंग म्हणाला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. "घर बंद होतं, असं लिहितो."

"बंद? माणसं मेली रे त्यात!" बाईंचा आवाज फाटला. "मी मेले की तिला पाहिलेलंसुद्धा कुणी उरणार नाही."

दारात शिडी आपटली. ग्रामपंचायतीचा जुना शिपाई केरबा पताका बांधायला आला होता. त्यानं नकाशाकडं पाहिलं.

"आडाजवळचं घर म्हनता का? महादेवी. सुनंचं नाव महादेवी. नवरा शिवमूर्ती, दीर चनबस, आन् सासू सिद्धम्मा."

बाई उठून उभ्याच राहिल्या. "तुला रे कसं ठाऊक?"

"मीच काढलं की त्यान्ला. तुमची घरं दगडामातीची, बसली खाली. आमची कुडाची, वर पत्रा. पडली न्हाईत. आमची समदी वस्ती अंधारातच धावली." केरबा शिडीला धरून बोलत होता. "म्हातारी खाली जित्ती हुती, तिनंच आपलं नाव सांगितलं. मी दगड काढत हुतो, ती घरच्यांची नावं घिऊन हाका मारत हुती. दुपारच्याला गप झाली."

बाईंनी पेन घेतलं. कोऱ्या चौकोनात चारही नावं लिहिली. महादेवीचं नाव त्यांनी आधी लिहिलं.

"सहा वर्षं आम्ही वणवण केली, केरबा. तू बोलला का नाहीस?"

"इचारलं न्हाई कुनी."

"झालं बाई!" रामलिंगनं डोळे पुसले. "दोनशे बारा. गाव पुरं झालं."

बाईंना भरून आलं होतं. त्यांनी केरबाचा हात धरून त्याला नकाशापुढं आणलं. "आता तुझं घर दाखव. तिथं मी माझ्या हातानं खूण करते."

केरबानं बोट वेशीवर ठेवलं. पारावरून, आडावरून, शाळेच्या मागून ते सावकाश ओढ्यापर्यंत आलं. कागद संपला. बोट थांबलं नाही. ते चुन्याच्या भिंतीवर वीतभर पुढं गेलं आणि टेकलं.

"हितं, बाई."